सतरा विजय आणि अपुरा हिशेब

काही आकडे असे असतात, की ते ऐकल्याबरोबर माणूस प्रश्न विचारायचे सोडून देतो. परीक्षेतले शंभरपैकी शंभर हा असा एक आकडा. ‘सतरा सामने, सतरा विजय, पराभव शून्य’ हा दुसरा. अमेरिकेतील मायामी शहराच्या ‘डॉल्फिन्स’ या व्यावसायिक फुटबॉल संघाने १९७२ च्या हंगामात हा पराक्रम केला. साखळीतले १४ सामने, बादफेरीचे २ आणि १४ जानेवारी १९७३ रोजी लॉस एंजलीस येथे झालेला ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना, असे सगळेच्या सगळे त्यांनी जिंकले. एकही सामना न हरता आणि एकही बरोबरीत न सोडवता अजिंक्य ठरलेला तो तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या इतिहासातला एकमेव संघ आहे. या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी तो मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

आता कुणी म्हणेल, की आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बसून अमेरिकेतल्या फुटबॉलची उठाठेव कशाला? तर, मित्रमैत्रिणींनो, यश दूरचे असले म्हणजे त्याच्याकडे जरा शांतपणे पाहता येते. आपल्या जवळच्या यशाचे एक तर आपण ढोल वाजवतो, नाही तर त्याचा हेवा करतो. या संघाचा आपल्याला ढोलही नाही आणि हेवाही नाही. म्हणून त्याच्या निमित्ताने मला एक म्हणणे मांडायचे आहे. ते असे, की ‘सतरा-शून्य’ हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. आणि यशाचा अपुरा हिशेब मांडण्याची सवय ही खेळाच्या मैदानापुरती राहत नाही.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते लोक ‘सॉकर’ म्हणतात. त्यांच्या फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि तो पायापेक्षा हाताने जास्त खेळला जातो. प्रत्येक बाजूला ११ गडी, १०० यार्डांचे मैदान. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू दुसऱ्यांकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात शिरले की ६ गुण. विशेष म्हणजे चढाई करणारे ११ वेगळे आणि बचाव करणारे ११ वेगळे. चढाईचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, हे तो ठरवतो. वर्तमानपत्रात फोटोही बहुधा त्याचाच येतो. कबड्डीतल्या आपल्या हुकमी चढाईपटूसारखा म्हणा ना!

या संघाची कीर्ती कमी करू पाहणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा आक्षेप असा, की त्या वर्षी डॉल्फिन्सच्या वाट्याला दुबळे प्रतिस्पर्धी आले. यात तथ्य आहे. साखळीत ज्यांच्याशी ते खेळले, त्यांपैकी हंगामाअखेर पराभवांपेक्षा विजय जास्त असलेले संघ दोनच होते, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स. आणि त्यांचीही कामगिरी ८ विजय, ६ पराभव अशी बेताचीच. परंतु या आक्षेपाने मला काही पटत नाही. मिनेसोटाविरुद्ध १६-१४, बफेलोविरुद्ध २४-२३, असे काठावरचे विजयही या हंगामात आहेत. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडून एखाद्या रविवारी ठेच लागणे हे तर खेळात नित्याचेच. ती एकदाही लागली नाही. शिवाय त्या साखळीत सर्वांत जास्त गुण मिळवणारा संघ हाच (३८५) आणि सर्वांत कमी गुण देणाराही हाच (१७१). तेव्हा पराक्रम खरा आहे. माझे भांडण पराक्रमाशी नाहीच. त्याच्या हिशेबातून जी खाती गाळली जातात त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

पहिले खाते आहे बदली माणसाचे.

डॉल्फिन्सचा सूत्रधार होता बॉब ग्रीझी. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, हंगामातल्या पाचव्याच सामन्यात, त्याचा पाय मोडला आणि घोटा निखळला. सूत्रधारच गेला म्हटल्यावर हंगाम संपला असेच कुणालाही वाटले असते. त्याच्या जागी उतरला अर्ल मोरॉल. वय वर्षे ३८. या खेळात हे वय निवृत्तीचे. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या संघाने त्याला सोडून दिले होते, आणि डॉल्फिन्सनी त्याला घेतले ते अवघ्या १०० डॉलरच्या शुल्कावर. या शंभर डॉलरच्या माणसाने उरलेले साखळीतले नऊही सामने जिंकून दिले. बादफेरीतला क्लीव्हलँडविरुद्धचा २०-१४ हा विजयही त्याच्याच हातचा. पुढच्या फेरीत पिट्सबर्गविरुद्ध सुरुवात त्यानेच केली. उत्तरार्धात बरा झालेला ग्रीझी मैदानात आला आणि सामना २१-१७ असा जिंकला. अंतिम सामन्यात मोरॉल पुन्हा बाकावर बसला आणि ग्रीझीने संघाला विजेतेपद मिळवून दिले. सतरांपैकी अकरा सामन्यांची सुरुवात ज्याने केली, तो सर्वांत मोठ्या दिवशी राखीव!

यात प्रशिक्षक डॉन शुला यांची चूक होती असे मी म्हणत नाही. निर्णय त्यांचा होता आणि तो फळला. मोरॉलने तो कुरकुर न करता मानला, याचे मोल मात्र मला सामन्यातल्या गुणांपेक्षा कमी वाटत नाही. मी स्वतः महाविद्यालयाच्या कबड्डी संघात राखीव आहे. बाराजणींत माझे नाव असते, सातजणींत बहुधा नसते. म्हणून हे मी जरा अधिकाराने सांगते. राखीव खेळाडूची तयारी पहिल्या सातजणींइतकीच लागते. फक्त ती कुणाला दिसत नाही. रोज पहाटे तोच सराव, तीच खरचटलेली ढोपरे; आणि सामन्याच्या दिवशी मात्र हाती पाण्याची बाटली. ज्या दिवशी बोलावणे येईल त्या दिवशी ‘तयारी नव्हती’ म्हणायची सोय नाही.

याच खात्यात आणखीही माणसे आहेत. डॉल्फिन्सच्या बचाव फळीला ‘बिननावांची फळी’ म्हणत. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्याआधी डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना या खेळाडूंची नावे आठवेनात, त्यावरून ते टोपणनाव पडले आणि या गड्यांनी ते अभिमानाने मिरवले. तिचा नायक निक ब्युओनिकॉन्टी हा उंचीला कमी म्हणून सुरुवातीला अनेकांनी नाकारलेला. चढाईच्या फळीत समोरच्यांना रेटून वाट मोकळी करून देणारे लॅरी लिटल आणि जिम लँगर यांना तर महाविद्यालय संपल्यावर झालेल्या निवडीत कोणत्याही संघाने उचलले नव्हते. हीच नाकारलेली माणसे पुढे त्या खेळाच्या सन्मानदालनात जाऊन बसली. त्यांनी वाट मोकळी केली म्हणून लॅरी झोंका १,११७ यार्ड धावला आणि मर्क्युरी मॉरिस बरोबर १,००० यार्ड. एकाच संघातल्या दोघांनी एका हंगामात हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. यातही एक गंमत आहे. हंगाम संपला तेव्हा मॉरिसच्या नावावर ९९१ यार्डच होते. मागाहून बफेलोविरुद्धच्या सामन्याची चित्रफीत तपासली, तेव्हा त्याच्या खात्यावर चुकून टाकलेली ९ यार्डांची पिछेहाट त्याची नव्हतीच असे ठरले आणि आकडा पूर्ण हजार झाला. त्याची नऊ यार्डांची नोंद दुरुस्त झाली हे उत्तमच झाले. पण त्याच्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना रेटणाऱ्यांनी किती यार्ड कमावले, याचा रकाना मात्र कोणत्याही नोंदवहीत नसतो.

दुसरे खाते आहे पराभवाचे.

अपराजित संघाच्या गोष्टीत पराभव कुठून आला, असे आपण विचाराल. तर तो आधी होऊन गेलेला होता. १९६९ च्या हंगामात याच डॉल्फिन्सनी १४ पैकी ३ सामने जिंकले होते. १९७० साली शुला आले. ते स्वतः जानेवारी १९६९ मधला अंतिम सामना हरलेले. त्यांचा बाल्टिमोरचा संघ सहज जिंकणार असे सगळे जण धरून चालले होते, आणि न्यूयॉर्क जेट्सनी त्यांना १६-७ असे लोळवले. त्या दिवशी बाल्टिमोरचा सूत्रधार कोण होता? हाच अर्ल मोरॉल! पुढे जानेवारी १९७२ मध्ये शुलांचा नवा संघ, म्हणजे डॉल्फिन्स, डॅलसकडून २४-३ असा हरला. म्हणजे सतरा विजयांच्या आधी गुरूच्या पदरी दोन मोठे पराभव होते आणि त्यांतला एक गुरुशिष्यांचा सामाईक होता. हरलेल्या शिष्याला तीन वर्षांनंतर शंभर डॉलर भरून परत बोलावून घेणे, हे मला त्या हंगामातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य आपण शाळेपासून फळ्यावर वाचत आलो. पण एकदा नापास झालेल्याला पुन्हा संधी देणारे शुला किती? आमच्या गावात दहावीला गणितात गेलेली मुले कायमचीच गेली. त्यांची हुशारी काही गणिताबरोबर संपली नव्हती.

तिसरे खाते नशिबाचे. अंतिम सामन्यात डॉल्फिन्स १४-० असे पुढे होते. दोन मिनिटांचा खेळ बाकी असताना गॅरो येप्रेमियन या सायप्रसमध्ये जन्मलेल्या खेळाडूने गोलसाठी चेंडू लाथाडला. तो अडवला गेला आणि परत त्याच्याच हातात आला. त्याने तो फेकायचा प्रयत्न केला, चेंडू निसटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बास याने तो झेलून ४९ यार्ड धावत जाऊन गुण मिळवले. १४-७! आणखी एकदा हात निसटला असता तर सतरा-शून्याच्या जागी काय उरले असते कोण जाणे. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्स संघाचे नेमके तसेच झाले. लागोपाठ १८ सामने जिंकून तो संघ फेब्रुवारी २००८ मध्ये अंतिम सामन्यात जायंट्सकडून १७-१४ असा हरला. अठरा विजय मिळवणारे ते खेळाडू सतरावाल्यांपेक्षा कमी कष्टाळू होते काय? मुळीच नाही. यशस्वी माणसाने थोडे नम्र का असावे, याचे उत्तर या तीन गुणांच्या फरकात आहे.

आणि आता शेवटचे खाते. हे सर्वांत जड आहे.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती दगडाच्या बाबतीत खरी असेल. माणसाच्या मेंदूच्या बाबतीत ती खरी नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये गडी एकमेकांवर पूर्ण वेगाने आदळतात. डोक्याला शिरस्त्राण असते. त्याने कवटी वाचते, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहिले तर पुढे मेंदूची झीज करणारा एक विकार जडू शकतो. स्मृती जाते, स्वभाव बदलतो, तोल जातो. डॉक्टर त्याला ‘सीटीई’ म्हणतात आणि त्याचे पक्के निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. अर्ल मोरॉल २०१४ साली वारला. त्याच्या मेंदूत हा विकार सर्वांत वरच्या, चौथ्या पायरीचा आढळला. ब्युओनिकॉन्टीने जिवंतपणीच, २०१७ मध्ये, आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले. २०१९ साली तो गेला आणि त्याच्याही मेंदूत तोच विकार सापडला. बिल स्टॅनफिल, बॉब क्युकेनबर्ग, जिम कीक आणि अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरलेला जेक स्कॉट, ही आणखी चार नावे. सगळे त्याच अपराजित संघातले.

हे सारे त्या एका हंगामाने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ही माणसे लहानपणापासून खेळत होती आणि पुढेही वर्षानुवर्षे खेळली. त्या काळी या विकाराची फुटबॉलच्या संदर्भात कुणाला फारशी जाणीवही नव्हती. परंतु नंतर जेव्हा शास्त्रज्ञ बोलू लागले, तेव्हाही लीगच्या चालकांनी बराच काळ कानांवर हात ठेवले. हजारो माजी खेळाडूंनी कोर्टात धाव घेतली, २०१३ साली तडजोड झाली, आणि फुटबॉल व हा विकार यांचा संबंध आहे हे लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केले ते २०१६ साली. त्याच २०१३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या वृद्ध खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांचा सत्कार केला. चाळीस वर्षे राहून गेलेला सन्मान झाला, फार चांगले झाले. पण सत्काराचा हार आणि डॉक्टरांचा अहवाल ही दोन्ही कागदपत्रे एकाच फाइलीत लावली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर एक मैत्रीण मला म्हणाली, “अगं, जोखीम कुठे नसते? ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कमरा मोडतात, त्यांना तर सुपर बोलही मिळत नाही.” तिचे म्हणणे मला विचारात पाडणारे वाटले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आईचे गुडघे आणि वडिलांची पाठ या माझ्या शिक्षणाच्या खर्चाच्या बाजू आहेत, हे मला ठाऊक आहे. निकालाच्या दिवशी सारे गाव विचारते, “टक्के किती?” ते टक्के कुणाच्या गुडघ्यांवर उभे आहेत हे कुणी विचारत नाही. पण म्हणूनच तर मला वाटते, की जोखीम सगळीकडे असते हे ती न मोजण्याचे कारण होऊ शकत नाही. मोजली तरच ती कमी करता येते.

आता आपल्या अंगणात येऊ. कबड्डीतही डोकी आदळतात. पकड करताना गुडघा कानशिलावर बसतो. एका स्पर्धेत आमची एक गडी अशीच कोसळली. डोळ्यांसमोर अंधारी आल्याचे ती सांगत होती. तोंडावर पाणी मारले, पाठ थोपटली, “शाब्बास, वाघीण आहेस!” म्हटले आणि दोन मिनिटांत तिला पुन्हा पाटीवर उतरवले. सामना आम्ही जिंकला. टाळ्या आम्हीही वाजवल्या. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हते. खेळाडूने दुखणे विसरून खेळावे ही आपली शौर्याची कल्पनाच तशी आहे. परंतु मेंदूला शौर्य कळत नाही. ज्या देशाकडे पैसा, डॉक्टर, यंत्रे सगळे होते, त्या देशाला हे समजायला इतका उशीर लागला. आपल्याला तो अनुभव फुकट मिळतो आहे. तो तरी घ्यावा!

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. एक क्रीडा विभागाला आणि एक आपल्या सर्वांना. पहिली अशी, की सरावात किंवा सामन्यात डोक्याला मार बसून गरगरले, मळमळले, काही आठवेनासे झाले, तर त्या दिवसापुरता त्या खेळाडूचा खेळ बंद, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा मैदान नाही, असा नियम आपल्या महाविद्यालयाने लेखी करावा. याला पैसा लागत नाही. सामना हरलो तरी चालेल असे म्हणण्याचे धैर्य मात्र लागेल. असा खेळाडू बाहेर बसला तर जागा कोण घेणार, ही काळजी नको. आम्ही राखीव कशासाठी आहोत?

दुसरी विनंती याहून लहान आहे. जिमखान्याबाहेरच्या फलकावर विजयी संघाच्या सातजणींची नावे लिहिली जातात. यापुढे बाराही लिहावीत. रंगाचा खर्च पाच ओळींचा वाढेल. वाढू दे! हिशेब मात्र पुरा होईल.

– द्वितीय वर्ष, कला शाखा